पत्र्याची मंडळी

नवऱ्याला तीनशे वर्षांपूर्वी मेलेली माणसं ओळखू येतात आणि जिवंत बायको ओळखू येत नाही, हे दुःख सांगायचं तरी कुणाला? ऐकणारा आधी हसणार, मग हसल्याबद्दल ओशाळणार, आणि टिओफिला स्कोव्रोनला दोन्ही सारखंच नकोसं होतं. म्हणून ती सांगतच नसे. बेकरीत कुणी विचारलं, वालेंती कसा आहे, की "खाऊन-पिऊन बरा आहे" असं म्हणून पाव काखेत मारायची आणि चालू पडायची. त्यातलं खाऊन-पिऊनसुद्धा खोटंच होतं.

शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठे टोप ढवळण्यात तिचं आयुष्य गेलेलं. अंगाने थोराड, तोंडाने फटकळ. कुणी सूप अळणी म्हटलं तर ती मिठाचा डबाच त्याच्यासमोर आदळणार. वालेंती छपरांचे पत्रे बसवणारा, तिच्या निम्म्या अंगाचा आणि तिच्या दुप्पट बोलणारा. गढीतल्या संग्रहालयाची पन्हळ गळायला लागली तेव्हा तो दुरुस्तीला गेला होता, आणि परत निघताना वाट चुकून एका दालनात शिरला. भिंतभर चेहरे. सगळे सहा कोनांच्या पत्र्यांवर रंगवलेले.

आमच्या पश्चिम पोलंडात पूर्वी कुणी जमीनदार मेला की त्याचा चेहरा पत्र्यावर रंगवून घेत आणि तो पत्रा शवपेटीच्या डोक्याकडच्या बाजूला ठोकत. चर्चमध्ये पेटी ठेवली की मयत माणूस टक्क उघड्या डोळ्यांनी आपल्याच अंत्यविधीला आलेल्यांकडे बघत राही. कोण रडतंय, कोण जांभया देतंय, कोण शेजारणीच्या टोपीकडे बघतंय, सगळं त्याच्या समोर. पेटी पुरायच्या आधी पत्रा काढून चर्चच्या भिंतीवर टांगायचा. त्यातले उरलेसुरले आता गढीत होते. वालेंतीची नजर आधी पत्र्यावर गेली, मग चेहऱ्यावर. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं की पत्रा असा सफाईने ठोकलाय की हात फिरवावासा वाटतो, आणि त्यावर एक म्हातारा आहे, तुझ्या थोरल्या काकासारखा, तोच कंजूष ओठ.

पुढच्या रविवारी टिओफिला काकाला बघायला गेली, आणि मग दोघांना त्या जागेचं वेडच लागलं. प्रार्थना आटोपली की गढी. रविवारी तिकीट नसे, दालनात चिटपाखरू नसे. ते चितारी कुणाची भीडभाड ठेवणारे नव्हते. चामखीळ असेल तर चामखीळ, चकणा असेल तर चकणा, हनुवटीखाली दुसरी हनुवटी असेल तर तीही. टिओफिला म्हणायची की देखणी चित्रं बघून मला भूक लागते, पण ही बघून मला माणसं भेटल्यासारखी वाटतात. दोघांनी सगळ्यांना नावं ठेवली होती. शिंक आल्यासारखं तोंड केलेला तो शिंकरोबा. केसाळ टोपीखालून जगाकडे तुच्छतेने बघणारी ती विहीणबाई. एका कोवळ्या पोराला मात्र त्यांनी नाव ठेवलं नव्हतं, त्याच्यासमोरून ते नुसते हळू जात. वालेंती पत्र्यामागे उभं राहिल्यासारखा आवाज काढून एकेकाच्या तोंडी निरोपाचं भाषण घालायचा. शिंकरोबा आपल्या बायकोला बदक, घोडा आणि सासू सोडून जायचा. टिओफिला इतकी हसायची की राखणदारीण दारातून डोकावून जायची. कुणाला हे चमत्कारिक वाटेल. वाटू दे. त्या दोघांएवढी मजा गावात कुणी करत नसेल.

मग वालेंती एक दिवस भलत्याच घराच्या छपरावर चढला. काम नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. चढला आणि कौलांवर बसून राहिला, कारण वर का आलो आणि खाली कसं जायचं, दोन्ही आठवेना. अग्निशमनवाल्यांनी उतरवला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते टिओफिलाने ऐकून घेतलं आणि घरी येऊन कांदा चिरायला बसली, कांदा लागणार नव्हता तरी.

गढीत जाणं काही दिवस चाललं. पण पुढे पुढे दालन बंद व्हायची वेळ झाली की वालेंती निघायला तयार होईना. ही सगळी माणसं आत कोंडून आपण जायचं? तो दाराच्या कडीला धरून ओरडायला लागला. राखणदारीण बिचारी भली, तिने टिओफिलाचा हात धरून हळूच सांगितलं की आता नका आणत जाऊ त्यांना. टिओफिलाने मान डोलावली.

मुलगी किंगा नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात. तिने एक टॅब पाठवून दिला आणि फोनवरून शिकवलं की संग्रहालयाने सगळे चेहरे इंटरनेटवर ठेवलेत, हे असं बोट सरकवायचं. टिओफिलाने आधी नाक मुरडलं. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो टॅब साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला, आणि काचेवर शिंकरोबा उमटला. वालेंतीने बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"आलास का रे," तो म्हणाला. "आज तरी शिंक."

टिओफिलाने तोंडात पदर कोंबावा तसा ॲप्रन कोंबला. त्या दिवसापासून मंडळी घरीच यायला लागली. दोन बोटं फाकवली की चेहरा जवळ यायचा, इतका जवळ की गढीत कधी दिसलं नव्हतं ते दिसावं: डोळ्यातला पांढरा ठिपका, रंगाला गेलेले तडे, कडेची खिळ्यांची भोकं. विहीणबाईच्या गालावर लाली नव्हतीच, चिताऱ्याने बोटाने पुसलेला रंग होता, त्याच्या बोटाचा ठसासुद्धा दिसत होता. वालेंतीला तो ठसा रोज नव्याने सापडायचा आणि रोज तो तितकाच हरखायचा. देश, विदेश, राजेराण्या, किंगाने काय काय दाखवलं, पण त्याला आपलीच माणसं हवी असायची.

हे सुख फार टिकलं नाही. एका दुपारी टिओफिलाने बीटच्या सुपाचा चमचा त्याच्या तोंडाशी नेला, तर त्याने मान मागे घेतली आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडे कामाला आहात?"

तिला वाटलं थट्टा करतोय. "तुझ्याकडे, मेल्या," ती म्हणाली. "बिनपगारी."

पण थट्टा नव्हती. तो तिला तुम्ही म्हणायला लागला तो लागलाच. परक्या बाईच्या हातचं तो खाईना. माझी बायको येईल, ती वाढेल, तुम्ही कष्ट घेऊ नका, असं म्हणायचा आणि टोपी मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचा. टिओफिला अंगात कोट घालून मागच्या दाराने बाहेर पडायची आणि हातात पिशवी घेऊन पुढच्या दाराने आत यायची, "वालेक, आले रे मी" म्हणत. तो मान वर करायचा, तिला नखशिखांत बघायचा आणि परत खिडकीकडे वळायचा. असं तिने किती वेळा केलं असेल ते तिचं तिला माहीत. शेजारपाजारच्यांनी पडद्याआडून पाहिलं असणार.

तो वाळायला लागला. टिओफिलाला काळजी होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग होता. विहीणबाई दिसली की हा टोपी काढायचा! त्या केसाळ टोपीवाल्या सटवीला, जिची हाडंसुद्धा शिल्लक नसतील तिला, "काय म्हणता, तब्येत कशी आहे?" आणि जिने याचे डांबराने माखलेले कपडे जन्मभर धुतले ती कुणाकडे कामाला आहे म्हणे. टॅब आपटावासा वाटायचा तिला. आपटला नाही, कारण त्यानंतर घरात त्याच्या ओळखीचं कुणीच उरलं नसतं.

किंगाचा फोन यायचा. बाबांना चर्चच्या जोगिणींच्या वृद्धाश्रमात ठेवू या, तिथे नळीने तरी अन्न देतात. आई, ते तुला ओळखत नाहीत, तुझ्या हातचं खात नाहीत, मग तू त्यांना घरी ठेवून नक्की करतेस काय? टिओफिलाने एवढंच कबूल करून घेतलं की सर्व संतांच्या दिवसाला, थडग्यांवर दिवे लावायच्या सणाला, किंगा येईल, तोवर थांबायचं. तोवर त्याने आपल्याला ओळखलं तर तो घरी राहील. नाहीच ओळखलं तर घेऊन जा. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आश्रमाचं तिला तेवढं काही वाटत नाहीये. त्याने एकदा, एकदाच, आपल्याला फिला म्हणावं, मग काय व्हायचं ते होवो, असं तिला झालं होतं.

आणि असाच एकदा तो विहीणबाईशी बोलत असताना तिच्या डोक्यात ते आलं. याला पत्र्यावरचे चेहरे ओळखू येतात ना? मग आपणही पत्र्यावर जायचं.

चेझारी फोटोवाल्याचं दुकान दफनभूमीच्या रस्त्यावर होतं. पासपोर्टचे फोटो काढणं हा त्याचा जोडधंदा, खरा धंदा थडग्यावर बसवायच्या चिनीमातीच्या लंबगोल चकत्यांवर मयतांचे फोटो उमटवण्याचा. टिओफिलाने टॅब त्याच्या पुढ्यात ठेवला. ही विहीणबाई. तिची टोपी, तिचा पांढरा रुमाल, तिचा सहा कोनी पत्रा, सगळं तसंच ठेव, फक्त चेहरा माझा घाल. तडे पाड, खिळ्यांची भोकं पाड, म्हणजे त्याला खोटं वाटणार नाही. आणि मग या बाकीच्यांचे चेहरे टॅबात उतरवून ते चित्र त्यांच्या रांगेत बसवून दे.

चेझारी चष्मा पुसत राहिला. जिवंत माणसाचं असं काही करायला त्याचं मन घेईना. "टिओफिलाबाई," तो म्हणाला, "मी रोज हेच काम करतो, पण माणूस गेल्यावर करतो. हे काही मला बरं दिसत नाही."

"तुला कुणी बघायला सांगितलंय? बनव."

"अहो, पण पत्र्यावर..."

"चेझारी, माझा नवरा भुकेने मरतोय आणि तू मला शकुन-अपशकुन सांगतोस?"

त्याने केलं. हातात कला होती मेल्याच्या. टिओफिलाने चित्र पाहिलं आणि क्षणभर ती स्वतःशीच खूश झाली, कारण टोपी तिला विहीणबाईपेक्षा शोभत होती. जाड भुवया, नाकावरची ती शाळेतल्या वाफेची लाली, ओठांच्या कडेची फटकळ मुरड, सगळं तिचं. घरी येताना ती पिएरोगीचं, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचं, सारण घेऊन आली, बटाटा आणि ताजं चीज, त्याच्या आवडीचं. आज तो खाणार होता.

दुपारी तिने टॅब साखरेच्या बरणीला टेकवला. शिंकरोबा झाला. कंजूष काका झाला. ते बिननावाचं पोर झालं. वालेंती एकेकाची विचारपूस करत होता. टिओफिला त्याच्या शेजारी उभी होती, तिचे हात पिठाने भरलेले. तिने करंगळीने काच सरकवली.

तो पुढे वाकला. त्याचे ओठ हलले आणि मग स्पष्ट, पूर्वीच्या आवाजात तो म्हणाला, "फिला."

टिओफिला आनंदाने रडायला लागली होती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पीठ लागलं तरी. पण त्याने वळून पाहिलं नाही. त्याने दोन बोटांनी चेहरा जवळ आणला, भुवई पाहिली, नाक पाहिलं, मग कडेची भोकं पाहिली. एकेका भोकावर त्याने बोट ठेवलं. नंतर त्याने हळूच डोक्यावरची टोपी काढली, छातीवर क्रूस केला आणि टेबलावर कपाळ टेकलं.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतक्या वर्षांच्या हसण्याखिदळण्यात ती साफ विसरून गेली होती की ही मंडळी कोण आहेत. वालेंती विसरला नव्हता. बाकी सगळं विसरला, पण जिवंत माणसाला कुणी पत्र्यावर काढत नाही, हे विसरला नव्हता.

"वालेक, अरे, मी आहे इथे. बघ माझ्याकडे. ते चेझारीने केलंय, खोटं आहे ते."

त्याने डोकं वर केलं. डोळे वाहत होते. "बाई," तो म्हणाला, "तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. पण आज माझी बायको गेलीय. आज असं बोलू नका."

प्रत्येक पत्र्यावरच्या माणसाच्या तोंडी काही ना काही घालणाऱ्या वालेंतीने त्या चित्राच्या तोंडी एक शब्द घातला नाही. घरात कुणी गेलं की आमच्याकडे करतात तसं त्याने टिओफिलाला घड्याळ थांबवायला सांगितलं, आरसा झाकायला सांगितला. ती करेना तेव्हा तो स्वतः उठायला लागला, म्हणून तिने केलं. आरशावर चादर टाकताना तिला आपला चेहरा दिसला आणि तिने पटकन तो झाकून टाकला. मग त्याने विचारलं की जाताना फिलाला त्रास झाला का. टिओफिला गॅसजवळ उभी होती. नाही, ती म्हणाली, त्रास झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ते चित्र पुसून टाकायचं ठरवलं होतं. पण वालेंती उठला तो खिडकीशी बसलाच नाही. वाट बघायला आता कुणी नव्हतं. तो टेबलाशी येऊन बसला आणि तिने ठेवलेल्या पिएरोगी त्याने खाल्ल्या. सावकाश, सगळ्या. "तुम्ही चांगलं करता," तो म्हणाला, "माझी बायकोसुद्धा असंच करायची, पण मीठ जरा जास्त असायचं." दुसरा कुणी असता तर डबा आदळला असता. टिओफिलाने त्याच्या ताटलीत अजून दोन घातल्या.

असं घर मार्गी लागलं. तो खायचा, अंघोळीला नाही म्हणायचा नाही, औषध घ्यायचा. परक्या बाईला माणूस जेवढं सौजन्य दाखवतो तेवढं सगळं तो तिला दाखवायचा. जेवण झालं की टॅब मागायचा, आणि शिंकरोबाकडे आता ढुंकूनही न बघता बोट सरकवत थेट फिलापाशी जायचा. टिओफिला शेजारी बसून मटार सोलायची आणि ऐकायची. फिला फटकळ होती. फिलाने एकदा मुख्याध्यापकांना पळीने मारलं असतं. फिला गढीत इतकी हसायची की मी पत्रे सोडून तिच्याकडेच बघत बसायचो, हे मी तिला कधी बोललो नाही, आता राहिलंच. टिओफिलाला वाटायचं ओरडून सांगावं, मला सांग ना, मी बसलेय ना इथे. एकदा तिने न राहवून म्हटलंच की तिला कळत असेल. वालेंतीने मान हलवली. "पत्र्याला काय कळणार, बाई," तो म्हणाला.

सर्व संतांच्या आदल्या दिवशी किंगा आली. बाप खातोय, गालावर जरा मांस आलंय, हे बघून ती आईच्या गळ्यात पडली. "ओळखलं त्यांनी तुला?"

"ओळखलं," टिओफिला म्हणाली.

पण वालेंतीने मुलीला जवळ बसवून तिच्या आईच्या मृत्यूची बातमी अगदी हळुवारपणे दिली, तेव्हा किंगाला सगळं कळलं. ती उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ बाहेर आली नाही. वृद्धाश्रमाचं नाव तिने नंतर काढलं नाही. काढणार कोणत्या तोंडाने?

सकाळी त्याने स्वच्छ शर्ट मागितला. आज बायकोकडे जायचं, दिवा लावायचा. किंगा म्हणाली, आई, काहीतरी सांगून टाळ. टिओफिलाने पांढऱ्या शेवंतीची कुंडी घेतली, काचेचा दिवा घेतला, त्याच्या गळ्यात मफलर गुंडाळला आणि त्याचा हात आपल्या दंडात अडकवला. किंगा मागून चालत होती. सारं गाव दफनभूमीकडे निघालेलं, लोक माना लववत होते, आणि वालेंती प्रत्येकाचं सांत्वन स्वीकारत होता. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं आपलं काहीतरी.

आमच्याकडे शहाणी माणसं आपली जागा आधीच घेऊन ठेवतात, दगडही कोरून घेतात, म्हणजे मागच्यांना घोर नको. वालेंतीनेही हातपाय चालत होते तेव्हाच करून घेतला होता. काळ्या दगडावर दोघांची नावं शेजारी शेजारी, दोघांची जन्मसालं, आणि प्रत्येक सालापुढे एक आडवी रेघ. रेघेपुढे दगड कोरा.

टिओफिला गुडघे टेकून बसली. तिने आपल्या नावावरची ओली पानं हाताने झाडली, शेवंती ठेवली, काडी ओढून दिवा लावला. वारा होता, म्हणून ज्योत धरेपर्यंत तिने दोन्ही तळवे आडवे धरले. वालेंती टोपी हातात घेऊन उभा होता. प्रार्थना त्याला अजून तोंडपाठ होती. ती संपल्यावर तो वाकला आणि दगडावरून बोट फिरवायला लागला, नावावरून, सालावरून, रेघेवरून, आणि पुढे कोऱ्या जागेवर त्याचं बोट थांबलं.

"बाई, इथे साल घातलेलं नाही."

"राहिलंय," टिओफिला म्हणाली.

"तेवढं घालून घ्या." त्याने तिला उठवायला हात पुढे केला. "नाहीतर लोकांना वाटेल, ती अजून आहे."